मेडिकलमध्ये फार्मासिस्ट कोण, हे कसं ओळखायचं? सोलापुरात नव्याने आलेल्यांसाठी

सोलापुरात बाहेरून बरीच माणसं दवाखान्याच्या निमित्ताने येतात. अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळ, तुळजापूर, तिकडे पलीकडे इंडी-विजयपूरपर्यंतची. पेशंट आत दाखल होतो, नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी पडते आणि तो समोरच्या मेडिकलकडे पळतो. तिथे काउंटरच्या आत चार-पाच माणसं असतात. एकजण चिठ्ठी घेतो, दुसरा कपाटातून पाकिटं काढतो, तिसरा कॉम्प्युटरवर बिल करतो, गल्ल्यावर मालक बसलेले असतात. गोळ्या कशा घ्यायच्या हे यांच्यापैकी जो मोकळा असेल तो सांगून टाकतो, आणि आपण मान हलवून परत वॉर्डाकडे पळतो.

यातला फार्मासिस्ट कोण, हे बहुतेकांना माहीत नसतं. विचारायचंही सुचत नाही. माझ्या सासऱ्यांच्या हृदयाची झडप बदलल्यापासून त्यांची औषधं मी आणते. रक्त पातळ ठेवायची गोळी, बीपीच्या दोन, शुगरचं इन्सुलिन. या काळात मला एक गोष्ट पक्की कळली. मेडिकलमध्ये गर्दीतही एक माणूस असा असतो, ज्याच्या शिक्षणावर आणि नोंदणीवर त्या दुकानाचा परवाना उभा असतो. आपल्या कामाचा प्रश्न त्याच माणसापर्यंत पोचला पाहिजे. तो माणूस कसा शोधायचा, ते खाली क्रमाने लिहिलं आहे.

निघताना सोबत काय घ्यायचं

- डॉक्टरांची मूळ चिठ्ठी. मोबाइलमधला फोटो असू द्या, पण कागदही हवा.
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी किंवा अर्धी पाकिटं. नावं पाठ असली तरी पाकिटंच न्या.
- मागचं बिल.
- कशाची ॲलर्जी असेल तर ते एका कागदावर ठळक लिहून. किडनीचा त्रास असेल तर क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट. लहान मूल असेल तर त्याचं आजचं वजन.
- पेन. गोळी कधी घ्यायची ते पाकिटावरच लिहून घ्यायला.

हे सगळं एका पिशवीत कायमचं भरून ठेवा. रात्री अपरात्री शोधाशोध होत नाही.

१. आधी पाटी वाचा

दुकानावरच्या पाटीत बरीच माहिती असते. औषध नियम १९४५ मध्ये कोणी कोणती पाटी लावायची तेही ठरवून दिलं आहे. ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ लिहिलं असेल तर तिथे नोंदणीकृत फार्मासिस्ट नेमलेला असलाच पाहिजे. ‘फार्मसी’ किंवा ‘डिस्पेन्सिंग केमिस्ट’ ही नावं नियमाप्रमाणे अशा दुकानांसाठी आहेत, जिथे फार्मासिस्ट असतो आणि औषध तयार करून द्यायची सोयही असते. ‘ड्रगस्टोअर’ म्हणजे फार्मासिस्टची गरज नसलेलं, मर्यादित परवान्याचं दुकान. आपल्याकडे सगळ्यालाच ‘मेडिकल’ म्हणतात आणि पाटीवरही तेच असतं, त्यामुळे मोठ्या अक्षरांच्या खालची बारीक ओळ वाचा.

आयुर्वेदिक औषधांचं दुकान वेगळं. ती विकायला ॲलोपॅथीसारखा विक्री परवाना लागत नाही आणि तिथे फार्मासिस्ट असण्याची सक्ती नाही. तिथल्या काउंटरवर बीपीच्या गोळीबद्दल विचारू नका, आणि तिथून चूर्ण घेतलंत तर ते आपल्या नेहमीच्या फार्मासिस्टला जरूर सांगा.

होलसेलच्या दुकानातही लोक ओळखीने जातात, स्वस्त पडतं म्हणून. तिथल्या परवान्यावर फार्मासिस्टऐवजी ‘सक्षम व्यक्ती’ चालते. दहावी होऊन औषधविक्रीचा चार वर्षांचा अनुभव, किंवा पदवी आणि एक वर्षाचा अनुभव, एवढ्यावर ते होता येतं. माल ओळखण्यात ती माणसं तरबेज असतात, पण तुमच्या पेशंटला गोळी कशी द्यायची हे सांगणं त्यांचं काम नाही.

२. भिंतीवरचा परवाना शोधा

किरकोळ विक्रीचा परवाना साधारणपणे फॉर्म २० आणि फॉर्म २१ वर दिलेला असतो. दुकानात गिऱ्हाइकाला दिसेल अशा जागी तो लावणं ही परवान्याचीच अट आहे. काचेच्या फ्रेममध्ये, गल्ल्याच्या मागे, बहुतेक वेळा देवाच्या फोटोशेजारी असतो. त्यावर दुकानाचं नाव, मालकाचं नाव आणि फार्मासिस्टचं नाव असतं.

मालकाचं आणि फार्मासिस्टचं नाव वेगळं असू शकतं, हे डोक्यात पक्कं बसवा. मालक म्हणजे फार्मासिस्ट असं गृहीत धरण्याची चूक इथे सर्रास होते. वीस वर्षं दुकान चालवणारे मालक औषधांची नावं, कंपन्या, किमती तोंडपाठ सांगतात, सगळी पेठ त्यांना ‘डॉक्टर’ म्हणते, आणि तरीही त्यांच्याकडे फार्मसीची डिग्री नसते. दुकान काढायला डिग्री लागत नाही, फार्मासिस्ट नेमावा लागतो.

परवान्याशेजारी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र टांगलेलं असतं. फार्मसी कायदा १९४८ चा, त्याखाली प्रत्येक राज्यात अशी नोंदवही ठेवली जाते. नोंदणीसाठी किमान डी.फार्म. लागतं, म्हणजे बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा कोर्स आणि पाचशे तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. बी.फार्म. चार वर्षांचं, फार्म.डी. सहा वर्षांचं. मात्र नुसती डिग्री पुरत नाही. कौन्सिलकडे नाव नोंदलेलं आणि नोंदणी चालू असली पाहिजे.

प्रमाणपत्रावर फोटो असतो. तो फोटो आणि काउंटरच्या आतले चेहरे एकदा ताडून बघा. कुणाशी वाद घालायचा नाही, फक्त बघायचं.

इथे सापळा आहे. नाव भिंतीवर, माणूस मात्र दुसऱ्याच गावात, असाही प्रकार चालतो. प्रमाणपत्र महिन्याच्या पैशांवर वापरायला द्यायचं आणि स्वतः फिरकायचंच नाही. २०१२ च्या आसपास महेश झगडे राज्याचे अन्न व औषध प्रशासन आयुक्त असताना याच मुद्द्यावर राज्यभर तपासण्या झाल्या होत्या आणि औषध विक्रेत्यांनी त्याविरुद्ध बंदही पुकारले होते. फार्मासिस्ट बदलला तर दुकानदाराने ते महिन्याच्या आत प्रशासनाला कळवायचं असतं. म्हणून भिंतीवरचं नाव ही पहिली खूण समजा, शेवटची नव्हे.

३. ॲप्रन बघा, पण बिल्ल्यासकट

फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ सालची आहेत. त्यांत म्हटलं आहे की फार्मासिस्टने कामावर असताना स्वच्छ पांढरा ॲप्रन घालावा आणि त्यावर नाव व नोंदणी क्रमांक असलेला बिल्ला लावावा. सोलापुरातल्या उन्हात सगळेच तो दिवसभर अंगात ठेवतात असं नाही. काही ठिकाणी खुर्चीच्या पाठीवर लटकलेला दिसतो.

उलटही होतं. ॲप्रन अंगावर आहे, पण माणूस फार्मासिस्ट नाही. हॉस्पिटलच्या आवारातल्या मेडिकलमध्ये बिल करणाऱ्या मुलीही ॲप्रनमध्ये असतात, तो त्यांचा गणवेश असतो. शहरातल्या फार्मसी कॉलेजांमधली मुलंमुली प्रशिक्षणासाठी मेडिकलमध्ये उभी असतात, त्यांच्याही अंगात ॲप्रन असतो आणि खिशाला कॉलेजचं ओळखपत्र. ही मुलं हुशार असतात, मनापासून सांगतात. पण त्यांची नोंदणी अजून व्हायची असते. त्यांनी सांगितलेलं त्यांच्या वरिष्ठांकडून एकदा पक्कं करून घ्या. त्या मुलांनाही त्याचं वाईट वाटत नाही, शिकण्यासाठीच तर ती तिथे उभी असतात.

म्हणून नजर कापडावरून खाली बिल्ल्यावर न्या. नाव आणि नोंदणी क्रमांक दोन्ही असेल तरच ती खूण धरायची.

४. सरळ विचारा

वरच्या सगळ्या खुणांपेक्षा लवकर काम होतं ते विचारण्याने. लोक संकोचतात, समोरच्याचा अपमान होईल असं वाटतं. होत नाही. मी असं विचारते:

“फार्मासिस्ट सर किंवा मॅडम आहेत का? गोळ्यांबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं.”

यावर साधारण तीन प्रकारची उत्तरं मिळतात. “मीच आहे, बोला.” मग प्रश्नच मिटला. “आत आहेत, बोलावतो.” तर थांबा. तिसरं उत्तर आपल्या सोलापूरच्या खास सुरातलं: “मलाच सांगा की ताई, काय पाहिजे?” यावर रागवायचं नाही, पण सोडायचंही नाही. “तुम्ही पाकिटं काढून ठेवा मालक, कशा घ्यायच्या तेवढं फार्मासिस्टकडून समजून घेते,” असं म्हणायचं. इथे ‘मालक’ हा शब्द कुणालाही लावतात, त्यात गोडवा आहे. अशोक चौक, साखर पेठेकडे ‘अण्णा’ म्हटलं की काम आणखी सोपं.

“कुठे गेलेत?” याचं उत्तर प्रत्येक वेळी “आत्ताच जेवायला गेले” असं मिळत असेल, सकाळी अकराला आणि रात्री आठलाही, तर काय समजायचं ते समजा.

फार्मासिस्ट कोण हे विचारताना मदतनिसाचा मान राखा, हे मला कळकळीने सांगायचं आहे. ही मुलं दिवसाचे दहा-बारा तास उभी असतात. तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू असं चारही भाषांत गिऱ्हाईक सांभाळतात. विडी वळणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या बाईंना मराठी नीट येत नसतं, तेव्हा फार्मासिस्टचं बोलणं तेलुगूत सांगणारा हाच मुलगा असतो. त्याचं काम मोलाचं आहे. फक्त ते काम वेगळं आहे.

५. कोणता प्रश्न कोणासाठी?

प्रत्येक वेळी फार्मासिस्टला बोलावत बसायची गरज नसते. औषध आहे का, किंमत किती, कधी येईल, सुट्या गोळ्या देणार का, घरपोच आणाल का, बिल पुन्हा काढून द्या, कापूस, बँडेज, डायपर, ओआरएस: हे सगळं मदतनिसाला खुशाल विचारा. कपाटातून पाकीट काढणं, मोजणं, बिल करणं ही कामं तो फार्मासिस्टच्या देखरेखीखाली करू शकतो.

पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध देणं, म्हणजे ते बरोबर आहे याची खात्री करून तुमच्या हाती सोपवणं, हे कायद्याने नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम आहे. त्याने स्वतः करायचं, किंवा स्वतः हजर राहून करून घ्यायचं. खालच्या गोष्टी आल्या की मी तरी त्याच्याशिवाय पुढे जात नाही.

“हे नाहीये, पण सेम आहे” असं ऐकू आलं की. शेड्यूल एच मधल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीतल्या, औषधाच्या जागी दुसरं औषध परस्पर देता येत नाही, घटक तोच असला तरी. औषध नियमांतल्या नियम ६५ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. डॉक्टरांना फोन करून विचारावं लागतं. आणि ‘सेम’ म्हणताना नावापुढचं शेपूट सुटतं. बीपीची टेल्मिसार्टन ४० साधी वेगळी. तिच्यापुढे ‘एएम’ असेल तर आत ॲम्लोडिपाइन मिसळलेलं असतं, ‘एच’ असेल तर लघवी वाढवणारं औषध. पाकिटाचा रंग सारखा, कंपनी तीच, नावाची सुरुवात तीच. आधीच ॲम्लोडिपाइनची वेगळी गोळी चालू असलेल्या माणसाला चुकून ‘एएम’ गेली तर डोस दुप्पट होतो. मेटफॉर्मिन शुगरची आणि मेट्रोनिडाझोल जंतुसंसर्गाची, चिठ्ठीवरच्या घाईच्या अक्षरात दोन्ही ‘मेट’ एवढंच दिसतं.

आधीच्या औषधांशी पटेल का, हा प्रश्न असला की. सासऱ्यांचे गुडघे एकदा फार धरले. मी मेडिकलमध्ये जाऊन दुखण्याची गोळी मागितली. काउंटरवरच्या मुलाने लगेच डायक्लोफेनॅकचं पाकीट समोर ठेवलं, बिलही टाईप करायला घेतलं. बाजूला दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या फार्मासिस्ट मॅडमनी मान वळवली, पाकिटावर हात ठेवला आणि मला विचारलं, “हे बाबांसाठी का? त्यांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे ना?” मग त्यांनी पाकीट उचलून परत कपाटात ठेवलं. ही वेदनाशामक गोळी वॉरफेरिनबरोबर, म्हणजे त्या रक्त पातळ ठेवायच्या गोळीबरोबर, घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, हे त्यांनी मला दोन वाक्यांत समजावलं आणि आमच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल सांगितली, तीही किती आणि किती दिवस ते ठरवून. मुलाने मागितलेली वस्तू दिली होती. मॅडमना पेशंट माहीत होता आणि दोन औषधं एकत्र आली की काय होतं तेही माहीत होतं.

इन्सुलिन पहिल्यांदा घेताना. इथे कितीही गर्दी असली तरी थांबा. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. सुयाही, म्हणजे सिरिंजही, त्याप्रमाणे वेगळ्या. ४० ची सुई लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० च्या बाटलीतलं इन्सुलिन ४० च्या सुईने भरलं तर अडीचपट डोस जातो. फार्मासिस्टकडून बाटली आणि सुई शेजारी ठेवून दोन्हींवरचा आकडा बोट ठेवून दाखवायला सांगा. शिवाय ते कसं न्यायचं ते विचारा. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते, आणि एप्रिल-मे महिन्यात इथला पारा चाळिशीच्या वर असतो. गावाकडे एसटीने जाणार असाल तर बर्फाच्या पाकिटाची पिशवी मागून घ्या, आणि बाटली थेट बर्फाला टेकू देऊ नका. गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं.

लहान मुलांचं पावडरचं सिरप. अँटिबायोटिकची ही बाटली कोरडी येते, आत पाणी घालावं लागतं. काही ठिकाणी काउंटरवरचा मुलगाच समोरच्या जारचं पाणी ओतून हलवून देतो. तसं घेऊ नका. सोबत आलेलं शुद्ध पाणी, नाहीतर उकळून गार केलेलं पाणी, बाटलीवरच्या खुणेपर्यंत. आधी थोडं घालून हलवायचं, फेस बसला की पुन्हा खुणेपर्यंत भरायचं. खूण चुकली की प्रत्येक चमच्याचा डोस चुकतो. तयार केल्यावर किती दिवस चालतं ते लेबलवर असतं, ती तारीख फार्मासिस्टकडून बाटलीवर लिहून घ्या. मापाचं झाकण किंवा ड्रॉपर मागा, घरचे चमचे लहानमोठे असतात.

गोळी फोडून किंवा कुटून द्यायची असेल तर. म्हाताऱ्या माणसाला गिळता येत नाही म्हणून आपण गोळी कुटतो. नावापुढे ‘एसआर’, ‘ईआर’, ‘एक्सएल’ असेल तर ती हळूहळू विरघळायला बनवलेली असते, कुटली की सगळं औषध एकदम उतरतं. यावर पर्याय काय ते फार्मासिस्ट डॉक्टरांशी बोलून सांगू शकतात.

डोस चुकला तर काय करायचं, उपाशीपोटी की जेवून, दिवस राहिलेले असताना किंवा बाळाला पाजत असताना चालेल का, हेही याच यादीत. आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटसारखी गोळी असेल तर वार पाकिटावर लिहून घ्या. ती रोज घेतली गेली तर जिवावर बेततं.

६. बिल आणि चिठ्ठी परत घेताना

बिल मागितल्याशिवाय निघू नका. त्यावर पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव, औषध, कंपनी, बॅच नंबर, एक्स्पायरी आणि किती गोळ्या हे हवं. चिठ्ठीवरच्या औषधाच्या नोंदीवर फार्मासिस्टची सही असणं अपेक्षित आहे. बिलाच्या तळाला ‘नोंदणीकृत फार्मासिस्ट’ अशी जागा छापलेली असते. तिथे सही असते की नुसता शिक्का, ते बघा. रोज एकच छापील सही दिसत असेल आणि त्या नावाचा माणूस कधीच दिसत नसेल, तर पायरी दोनमधला सापळा आठवा.

चिठ्ठीवरही दुकानाचं नाव-पत्ता आणि दिल्याची तारीख नोंदवायची असते. काही जणांना वाटतं चिठ्ठी खराब केली. तसं नाही. चिठ्ठीवर पुन्हा द्या असं डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल तर ती एकदाच चालते, म्हणून ती नोंद.

आणखी एक खूण. काही औषधांच्या पाकिटावर लाल चौकट असते, ती शेड्यूल एच-१ ची. सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या यात येतात. २०१४ पासून यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, आणि ती वही तीन वर्षं जपायची. लाल चौकटीचं औषध घेताना कुणी चिठ्ठी बघितली नाही, नाव विचारलं नाही, तर त्या काउंटरवर फार्मासिस्टचं लक्ष नाही असं मी धरते आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जाते. जिथे नाव-गाव विचारतात, तिथे चिडू नका. ते दुकान नीट चाललंय.

७. सिव्हिल, आरोग्य केंद्र आणि डॉक्टरांचा स्वतःचा दवाखाना

सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, किंवा गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात खिडकीवर औषध मिळतं. तिथल्या फार्मासिस्टचं पद ‘औषध निर्माण अधिकारी’ असं लिहितात. खिडकीच्या आत शिपाई किंवा कर्मचारीही पुड्या देताना दिसतात. रांग मोठी, मागचा माणूस ढकलत असतो, तरी “दिवसातून किती वेळा?” एवढं विचारून पाकिटावर लिहून घ्याच. नीट समजलं नाही तर गर्दी ओसरल्यावर, दुपारी ओपीडी संपत आली की, परत खिडकीवर जा. तेव्हा शांतपणे सांगतात.

गल्लीतल्या डॉक्टरांकडे कंपाउंडर गोळ्या बांधून देतो. डॉक्टरांना स्वतःच्या पेशंटला औषध द्यायची मुभा आहे, पण जबाबदारी डॉक्टरांची असते. कंपाउंडर फार्मासिस्ट असेलच असं नाही. तिथे शंका आली तर कंपाउंडरला न विचारता परत केबिनमध्ये जा. आणि पुडीतल्या गोळ्यांची नावं कागदावर लिहून मागा, म्हणजे पुढे मेडिकलमध्ये काही घेताना दाखवता येतात.

जन औषधी केंद्रातही फार्मासिस्ट असावाच लागतो. जेनेरिक घेताना शंका जास्त येतात, त्यामुळे तिथे तर बोलून घ्याच. ब्रँडचं जुनं पाकीट दाखवून घटक आणि मिलिग्रॅम जुळतात का ते बघायला सांगा.

८. रात्रीची वेळ

हॉस्पिटलांजवळची काही मेडिकल रात्रभर उघडी असतात. रात्री दुकान चालू असेल तर रात्रीच्या पाळीलाही फार्मासिस्ट लागतो. प्रत्यक्षात उशिरा गेलं की एकटा मुलगा खुर्चीत बसलेला भेटतो. पेशंट हॉस्पिटलात दाखल असेल तर चिठ्ठीवरचं औषध घ्या, पण ते देण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरांना किंवा ड्युटीवरच्या डॉक्टरांना पाकीट आणि चिठ्ठी दोन्ही दाखवा. पेशंट घरी असेल आणि गोळी नवीन असेल, तर ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांना फोन करा. रोजची जुनी गोळी संपत आल्याचं संध्याकाळीच बघून ठेवलं तर ही वेळ येत नाही.

९. फार्मासिस्ट कधीच सापडत नसतील तर

पहिल्या खेपेला तक्रार करू नका. आजारपण, रजा, बँकेचं काम, सगळ्यांना असतं. वेगवेगळ्या वेळी जाऊन बघा. तरीही नाहीच, तर सोपा उपाय म्हणजे दुकान बदलणं. सात रस्ता, होटगी रोड, विजापूर रोड, जुळे सोलापूर, कुठेही राहत असाल तरी चालत जाण्याच्या अंतरात तीन-चार मेडिकल असतातच. फार्मासिस्ट स्वतः बोलतात ते एक निवडा आणि सगळी औषधं तिथूनच घ्या. पाच टक्के सूट कमी मिळाली तरी चालेल. तुमच्या घरातल्या सगळ्या गोळ्या एका जाणत्या माणसाच्या नजरेखालून गेल्या की चूक पकडली जायची शक्यता वाढते.

चुकीचं औषध दिलं गेलं असेल, मुदत संपलेलं असेल, किंवा फार्मासिस्टशिवायच दुकान चालतंय अशी खात्री असेल, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. सोलापुरात त्यांचं कार्यालय आहे, औषध विभागाच्या सहायक आयुक्तांच्या नावे अर्ज द्यायचा. राज्याची टोल फ्री हेल्पलाइन १८०० २२२ ३६५ आहे. अर्जासोबत हे जोडा:

- बिलाची झेरॉक्स, मूळ प्रत स्वतःकडे ठेवून
- चिठ्ठीची झेरॉक्स
- औषधाचं पाकीट किंवा बाटली, बॅच नंबर फाडला जाणार नाही अशी जपलेली. देण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा
- तारीख, वेळ आणि काय घडलं ते साध्या मराठीत, एका पानात

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका. गोळी पोटात गेली असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, अर्ज नंतर. पाकीट मात्र तेव्हाही सोबत न्या, काय गेलंय ते डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.